बोरॉन हॅलाइडचे अध्यापन : क्रमवारी आणि हाताळणी यांतील दुरावा

प्रस्तावना :
पदवी स्तरावरील अकार्बनी रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बोरॉन ट्रायहॅलाइडला ठरलेले स्थान आहे. बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात. अष्टक अपूर्ण असल्याने ही संयुगे लुईस आम्ले ठरतात. ट्रायफ्लुओराइड सर्वांत दुर्बल, त्यानंतर चढत्या क्रमाने ट्रायक्लोराइड, ट्रायब्रोमाइड व ट्रायआयोडाइड, ही क्रमवारी विद्यार्थी पाठ करतात. या मांडणीतील दोन उणिवांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कारणमीमांसेची मर्यादा :
केवळ विद्युतऋणता पाहिली तर ट्रायफ्लुओराइड सर्वांत प्रबळ ठरावयास हवे. ब्राऊन व होम्स यांनी १९५६ साली पिरिडीन व नायट्रोबेंझिन यांच्याशी होणाऱ्या अभिक्रियांची उष्णता मोजली, तेव्हा फ्लुओराइड, क्लोराइड व ब्रोमाइड यांचा क्रम उलट आढळला. याचे श्रेय पाठ्यपुस्तके फ्लुओरिनकडून बोरॉनकडे होणाऱ्या बॅक बाँडिंगला देतात. परंतु बेसाक व फ्रेंकिंग यांनी २००३ साली केलेल्या सैद्धांतिक अभ्यासात ट्रायक्लोराइडच्या प्राबल्याचे कारण त्याच्या रिक्त कक्षकाच्या कमी ऊर्जेत आढळले. शिवाय कार्बन मोनॉक्साइडसारख्या अतिदुर्बल दात्यापुढे हा क्रम टिकत नाही. म्हणजेच क्रमवारी दात्यावर अवलंबून आहे; ती रेणूचा निरपेक्ष गुणधर्म नव्हे.

हाताळणीविषयीचे मौन :
दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. 'दुर्बल आम्ल' या शब्दांतून 'निरुपद्रवी' असा अर्थ नकळत रुजतो. वस्तुतः ट्रायफ्लुओराइड हा उणे १०० अंश सेल्सिअसला उकळणारा विषारी वायू असून अमेरिकेत कामाच्या ठिकाणी त्याची कमाल मर्यादा दहा लाख भागांत एक भाग इतकीच आहे. दमट हवेत त्याचा दाट पांढरा धूर होतो आणि पाण्याशी संयोग झाल्यास फ्लुओरोबोरिक आम्लासोबत हायड्रोजन फ्लुओराइडचाही धोका संभवतो. त्यामुळे कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असणे अगत्याचे ठरते.

ट्रायब्रोमाइड हा सुमारे ९१ अंशांना उकळणारा द्रव. ॲरिल मिथिल ईथरमधील मिथिल गट काढण्यासाठी तो संशोधनात सर्रास वापरला जातो. पाण्याशी त्याची अभिक्रिया स्फोटक ठरू शकते. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये सुमारे २.६ ग्रॅम द्रव्य असते. त्याचे पूर्ण जलीय विच्छेदन झाल्यास बोरिक आम्लाबरोबर खोलीच्या तापमानाला सुमारे पाऊण लिटर हायड्रोजन ब्रोमाइड वायू निर्माण होऊ शकतो. सांडलेल्या द्रवावर पाणी ओतण्याची सवय येथे घातक ठरते. कोरडी काचपात्रे, नायट्रोजन किंवा अर्गॉनचे आवरण, कार्यरत फ्यूम हूड, थंड द्रावणात थेंबाथेंबाने भर आणि उरलेल्या द्रव्याचे थंड स्थितीतच सावकाश निष्प्रभीकरण, ही पथ्ये अनिवार्य आहेत. ती अपूर्ण अष्टकाच्या त्याच संकल्पनेतून उमलतात. पाण्यातील ऑक्सिजन हाही इलेक्ट्रॉन-दाताच आहे.

निष्कर्ष :
सिद्धांत वर्गात आणि सावधगिरी प्रयोगशाळेच्या भिंतीवरील फलकावर, अशी विभागणी रसायनशास्त्राच्या स्वरूपाशी विसंगत आहे. पदव्युत्तर संशोधनात प्रथमच ही बाटली उघडणाऱ्या विद्यार्थ्याला क्रमवारी ठाऊक असते, परंतु बाटलीच्या तोंडाशी धूर का येतो याचे उत्तर ठाऊक असेलच असे नाही. क्रमवारीच्या तक्त्यातच उत्कलनबिंदू, पाण्याशी होणारी अभिक्रिया व दक्षता यांचे स्तंभ जोडावेत आणि परीक्षेतही कारणासह दक्षता विचारावी. त्यासाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.