आतल्या खोलीतला पडदा : एक रसग्रहण

मराठीत टीकाकारांची वानवा कधीच नव्हती. कादंबरीवर टीका आहे, नवकवितेवर आहे, टीकेवरही टीका आहे. टीव्हीवर जे दाखवतात त्याबद्दल तर घरोघर रोज संध्याकाळी फुकट परिसंवाद भरतो. पण ज्या पडद्यावर हे सगळं दिसतं, त्या पडद्याविषयी मराठी समीक्षेनं अजून लेखणी उचललेली नाही. ते काम तिनं कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर सोडलंय. आता माहितीपत्रकाला समीक्षा म्हणणं म्हणजे मुलाच्या मामानं पाठवलेल्या माहितीला चरित्रग्रंथ म्हणण्यासारखं आहे.

तीन आठवडे मी ही माहितीपत्रकं वाचत होतो. निमित्त आईचं. आईसाठी आतल्या खोलीत टीव्ही घ्यायचा होता. (आमच्याकडे तिला आतली खोलीच म्हणतात. बेडरूम ही फक्त बिल्डरच्या नकाशात आणि टीव्हीच्या जाहिरातीत असते.) आईचं वय ८१. पावसाळ्यात मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून ती मोरीपर्यंत जाते, पण बाहेरच्या सोफ्यावर अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही. तेव्हा समीक्षेपुढचा प्रश्न असा, की दहा बाय अकराच्या खोलीत, एका कुशीवर निजलेल्या बाईसाठी कोणत्या जातीचा सपाट पडदा घ्यावा?

मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा असले प्रश्नच नव्हते. टीव्ही एकाच जातीचा असे, काळा-पांढरा. आणि ज्याच्याकडे तो असे त्याची जात आपोआप वरची ठरे. त्याला लाकडी दारं असत, दारांना कुलूप असे आणि वर क्रोशाचा रुमाल असे. शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी. खोलीत बावीस माणसं आणि बाहेर चपलांचा ढीग. ‘सपाट’ हे विशेषण त्या काळी टीव्हीला लावत नसत. ते कादंबरीतल्या पात्रांना लावत, आणि लेखक महिनाभर जेवत नसे. आज तेच विशेषण मिरवायला लोक लाखभर रुपये मोजतात.

सपाट पडद्यांचे मुख्य संप्रदाय कोणते ते आधी सांगतो. प्लाझ्मा नावाचा एक होता. २०१४ च्या सुमारास त्याची निर्मिती थांबली. त्याच्याबद्दल जाणकार अजूनही जुन्या नाटक कंपन्यांसारखं हळवं बोलतात. आपल्याला त्याचा उपयोग नाही.

उरले एलसीडीवाले. या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे एक वनस्पतिशास्त्रज्ञ. फ्रीडरिख राइनित्सर, ऑस्ट्रियन गृहस्थ, राहणार प्राग. १८८८ साली हे गाजरातून काढलेल्या एका पदार्थावर प्रयोग करीत बसले होते. पदार्थ १४५.५ अंशांना वितळला, पण गढूळ राहिला, १७८.५ अंशांना तो पुन्हा एकदा वितळल्यासारखा स्वच्छ झाला. धड घन नाही, धड द्रव नाही. हाच तो द्रव-स्फटिक. आमच्याकडे गाजरापासून हलव्याच्या पुढे कोणी गेलं नाही, ही आपल्या संशोधनाची मर्यादा म्हणायची.

एलसीडीची रीत सोपी आहे. मागं दिवा सतत जळतोय आणि पुढं लाखो बारीक झडपा आहेत. उजेड हवा तिथं झडप उघडायची, काळोख हवा तिथं मिटायची. मात्र झडप कितीही मिटली तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच. चाळीतल्या खिडक्यांत राहिलेल्या माणसाला हे अधिक समजावून सांगायला नको. पूर्वी मागचा दिवा ट्यूबलाइटच्या जातीचा असे, पुढं त्या जागी एलईडीचे बारीक दिवे आले. त्याबरोबर दुकानदारांनी त्याला एलईडी टीव्ही म्हणायला सुरुवात केली. म्हणजे बाईनं साडी बदलली तर तिचं नावही बदलायचं!

मग क्यूएलईडी. हाही एलसीडीच. फक्त दिव्याच्या पुढं अतिसूक्ष्म कणांचा, क्वांटम डॉट्सचा थर असतो, त्यानं रंग खुलतात. या कणांच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा थट्टा करायचं कारण नाही. थट्टा करायची ती नावाची. ओएलईडी नावाचा जो दुसरा, खराखुरा वेगळा संप्रदाय आहे, त्याच्या इंग्रजी ‘ओ’ला एक शेपटी काढली की ‘क्यू’ होतो. दुकानातल्या दहा गिऱ्हाइकांतली निम्मी त्या शेपटीला धरून घरी जात असतील.

ओएलईडीत मागं दिवाच नाही. पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. फोर-के पडद्यावर असे सुमारे ८३ लाख ठिपके. काळं दाखवायचं तर ठिपका सरळ विझून जातो. त्यामुळं त्याचा काळा हा खरा काळा, एलसीडीचा काळा म्हणजे पन्नास धुण्यांनंतरची काळी छत्री.

जुन्या वाचकांना फडके-खांडेकर वाद आठवत असेल. तोच इथं नव्यानं रंगला आहे. ओएलईडी म्हणजे कलेसाठी कला. शुद्ध, तंत्रशुद्ध, रेखीव, महाग आणि जरा नाजूक. एलईडी म्हणजे जीवनासाठी कला. भरपूर उजेड, दणकट बांधा, मध्यमवर्गाला परवडणारा आणि काळ्या बाजूचं चित्रण जरा कच्चं.

आता दुकान. दुकानाचं नाव सांगत नाही, सगळीकडे प्रयोग तोच असतो. तीस-चाळीस पडद्यांवर एकच चित्रपट चालू. मध ओघळतोय. पोपट मान वळवतो. बर्फाचा डोंगर. काळ्याभोर पार्श्वभूमीवर लाल रंगाचा फवारा फुटतो. पुन्हा मध. या कलाकृतीत माणूस नाही, संवाद नाही, संघर्ष नाही. जगातल्या कुठल्याच घरात हा चित्रपट कोणी पाहत नाही, आणि त्याच्यावरून जगातलं प्रत्येक घर टीव्ही पसंत करतं. शिवाय दुकानातले सगळे संच भडक केलेले असतात, कारण वरच्या पांढऱ्या दिव्यांशी त्यांना टक्कर द्यायची असते. भर दुपारी मुलीला नवरीचा मेकअप करून दाखवण्यातला प्रकार.

मी विक्रेत्या मुलाला म्हटलं, “यावर संध्याकाळची एखादी मराठी मालिका लावता का?”

“सर, त्यानं पॅनलची क्वालिटी कळणार नाही.”

समीक्षक म्हणून मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. मालिकेत काळोख नसतोच. रात्री दोन वाजता सासू पाणी प्यायला उठते तेव्हाही स्वयंपाकघरात लग्नाच्या हॉलइतका उजेड असतो. तो खरा काळा रंग तिथं करणार काय? सासूच्या केसांपुरता.

तरीही मुलानं मालिका लावली. मग मी जे केलं त्याला आमची सौ. अजून हसते. प्रत्येक पडद्याच्या बाजूला तिरका उभा राहिलो, गुडघ्यात वाकलो आणि मान कलती करून बघितलं. कारण आमच्या खोलीत टीव्ही लावायला एकच भिंत मोकळी आहे, आणि खाटेवरून ती समोर येत नाही, तिरपी येते. एलसीडीतही दोन पोटजाती आहेत. व्हीए पडदा समोरून झकास काळा दिसतो, पण बाजूनं पाहिलं की रंग पिठूळ होतात. आयपीएस पडदा समोरून जरा करडा, पण बाजूनं बघा, खालून बघा, रंग इमान सोडत नाहीत. ही गोष्ट माहितीपत्रकात सहसा लिहिलेली नसते. तिथं पोपटाबद्दल चार ओळी असतात. आजारी माणसासाठी टीव्ही घेणाऱ्यानं पोपट सोडावा आणि खाटेवरून दिसेल त्या कोनात दुकानात वाकावं, एवढं मी जबाबदारीनं सांगतो. ओएलईडी याही परीक्षेत उत्तम उतरतो. व्हीए बाद झाला, क्यूएलईडीतले बरेचसे त्याच जातीचे असल्यामुळं तेही बाद. उरले दोघं.

इथं मी अडलो. आईला मालिका लागतातच, पण तिचा खरा जीव जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटांत. ‘जगाच्या पाठीवर’ १९६० सालचा. ते चित्रपट जुन्या चौकोनी मापाचे, आजचे पडदे रुंद. त्यामुळं चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. आयपीएसवर, खोलीत अंधार केला की, ते पट्टे राखाडी उजळतात आणि मधल्या माणसांच्या चेहऱ्यावर राख उडाल्यासारखी वाटते. ओएलईडीवर पट्टे भिंतीत विरून जातात आणि फक्त चित्र उरतं, थिएटरातल्यासारखं. (काही लोक पट्टे नकोत म्हणून चित्र ओढून रुंद करतात. त्यांच्या घरी राजा परांजपे अंगानं सुटलेले असतात. या लोकांशी वाद घालू नये.) खरं सांगायचं तर त्या चित्रासमोर मी दुकानात दहा मिनिटं उभा होतो आणि मला पैशांचा विसर पडला होता.

पण समीक्षा कलाकृतीची तशी वाचकाचीही करावी लागते. आमचा वाचक दुपारभर जागा असतो, आणि दुपारी त्या खोलीत पश्चिमेचं ऊन येतं. ओएलईडीचा पडदा आरशासारखा गुळगुळीत. त्याच्या शुद्ध काळ्यात आमच्या खिडकीचे गज आणि समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे शुद्ध दिसले असते. शिवाय वृत्तवाहिनीचं बोधचिन्ह आणि तळाची लाल पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली तर त्यांचा डाग पडद्यावर राहू शकतो. नव्या संचांत त्यावर बरेच उपाय केलेले आहेत. पण रोज सात-आठ तास एकच वाहिनी लावणाऱ्या घरानं विचार करावा. ‘ब्रेकिंग न्यूज’ ही दोन शब्दांची कविता कायमची घरात राहावी इतकी काही ती चांगली नाही.

आकाराचं लवकर आटपतो. ४३ इंची म्हणजे रुंदीला साडेसदतीस इंच. मोकळी भिंत साडेतीन फूट. ३२ इंची पाहिला, तो आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक वाटला असता. सरकारचंही या विषयात एक समीक्षामूल्य होतं. ३२ इंचांपर्यंत १८ टक्के कर आणि त्यावरची रसिकता २८ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्यांना १८ झाला.

आवाजाबद्दल मात्र बोललं पाहिजे, कारण कोणीच बोलत नाही. पडदा जितका बारीक तितका त्याचा घसा बारीक. जुन्या डब्यात तोंडासमोर चांगला हातभर स्पीकर असे. आताचे स्पीकर खाली तोंड करून भिंतीशी पुटपुटतात, चूक केलेल्या नोकरासारखे. म्हातारी माणसं टीव्ही मोठ्यानं लावतात म्हणून आपण कुरकुरतो, त्यातला निम्मा दोष या घशाचा आहे. मी उशाशी ठेवायचा छोटा स्पीकर वेगळा घेतला.

आणि रिमोट. नवा टीव्ही सुरू केला की तो आधी विचारतो, “कोण बघतंय?” खाली चौकोनांत आमची नावं. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर या प्रश्नानं रोज भांडण होतं; मुलगी म्हणते माझं नाव दाब, मुलगा म्हणतो माझं, सौ. म्हणते आधी बातम्या संपू देत. आई सोफ्यावर बसून हे सगळं मालिकेपेक्षा मन लावून बघायची. दुकानातून आल्यावर मी तिला सांगत होतो, की तुझ्या टीव्हीवरही हा प्रश्न येईल, तेव्हा तुझ्या नावाचा चौकोन दाबायचा.

“तिथं कशाला विचारेल?” आई म्हणाली. “आत मीच बघत्ये. दुसरं कोण असणार?”

ती तक्रार नव्हती. तिनं यंत्रातली एक चूक दाखवली, इतकंच. पण तीन आठवड्यांच्या माझ्या वाचनात हे कुठंच आलं नव्हतं. टीव्ही आत गेला की आईचं बाहेर येणं संपणार होतं. अर्धा तास का होईना, ती त्या सोफ्यासाठी उठत होती. डॉक्टर सांगतात तो व्यायाम मालिकेच्या नावाखाली करत होती. बावीस माणसांना एका खोलीत बसवणारा डबा ते प्रत्येकाला आपापल्या खोलीत निजवणारा पडदा, हा टीव्हीचा खरा इतिहास. आणि त्यात काळ्याची शुद्धता किती याला दुय्यम स्थान आहे.

टीव्ही मात्र घेतला. आयपीएस, एलईडी, ४३ इंची. ओएलईडीचे वाचलेले पैसे सौ.नं मोजून घेतले आणि त्यातून हातांच्या दोन खुर्च्या आणल्या, खाटेशेजारी ठेवायला. साडेसातची मालिका आत, सगळ्यांनी; नऊच्या बातम्या बाहेर, आईसकट, वॉकर धरून. असा ठराव झाला. मुलांनी तो पाळला तर पाळला.

रविवारी बसवणारा माणूस आला. त्यानं भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. आई उशीवरून बघत होती.

“अजून खाली घे रे. मला मान वर करायला लागत्ये.”

त्यानं सहा इंच खाली खूण केली. आईनं पुन्हा बघितलं, मग त्या दोन खुर्च्यांकडे बघितलं. “आणि इथं ही माणसं बसली की?”

त्यानं मला खुर्चीत बसवलं, खाटेवरून माझ्या डोक्यापर्यंत पट्टी धरली, आणि पहिल्या खुणेच्याही वर दोन इंचांवर तिसरी खूण केली.