हसू आणि शब्द : विनोदी कार्टूनपटांतून दैनंदिन इंग्रजी शब्दसंपदेचे अध्ययन

प्रास्ताविक :

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी विषय सुरू झाला. त्यापूर्वी तो पाचवीपासून शिकविला जात असे. पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या आज पदवी घेऊन बाहेर पडल्या आहेत. तरीही 'सर, वाचलेले समजते, पण बोलताना शब्दच आठवत नाहीत' हे वाक्य प्रथम वर्षाच्या वर्गात दरवर्षी ऐकावे लागते. यावर उपाय म्हणून विनोदी कार्टूनपट दाखवावेत, असे शिक्षकांच्या बैठकांत वारंवार सुचविले जाते. सूचना चांगली आहे. परंतु कोणता कार्टूनपट दाखवावा आणि त्यातील हसण्याचा शब्दांशी संबंध काय, याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे.

या सूचनेमागील सैद्धांतिक आधार परिचित आहे. शब्द आणि प्रतिमा एकत्र आल्यास स्मरण दृढ होते, हा ॲलन पैव्हिओ यांच्या १९७१ मधील ग्रंथातील द्विसंकेतनाचा विचार; आणि भीती व संकोच कमी झाल्यास भाषा सहज ग्रहण केली जाते, हे स्टीफन क्रॅशन यांचे १९८० च्या दशकातील प्रतिपादन. कार्टूनपटात चित्र असते आणि हसू भीती घालविते. म्हणून शब्द आपोआप येतील, असे अनुमान काढले जाते. माझ्या मते घाई होते ती या 'आपोआप'मध्ये.

हसू नेमके कशाचे?

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० मध्ये सुरू केलेली 'टॉम अँड जेरी' ही मालिका माझ्या वर्गात एकदा दाखविली. वर्ग मनमुराद हसला. नंतर आठवतील ते इंग्रजी शब्द लिहावयास सांगितले, तेव्हा कॅट, माऊस, मिल्क आणि रन एवढेच कागदावर उतरले. म्हणजे विद्यार्थ्यांना आधीच येत असलेले! यात त्यांचा दोष नाही. या मालिकेत संवाद जवळजवळ नाहीतच. विनोद पाठलागात, आपटण्यात आणि संगीताच्या तालात आहे. कलाकृती म्हणून ती श्रेष्ठच आहे, पण तिच्यातील हसू शब्दावाचून पूर्ण होते.

यावरून एक साधी कसोटी सुचते. आवाज बंद करून पाहावे. तरीही तेवढेच हसू येत असेल, तर तो कार्टूनपट ऐकून शब्द शिकण्याच्या कामाचा नाही.

या कसोटीवर २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली नेव्हिल ॲस्टली आणि मार्क बेकर यांची 'पेपा पिग' ही मालिका उतरते. तिच्या पहिल्याच भागात पेपा आणि तिचा धाकटा भाऊ जॉर्ज डबक्यांत उड्या मारून नखशिखांत चिखलाने माखून घरी येतात. त्यांना पाहून बाबा गंभीरपणे अंदाज बांधतात : तुम्ही दूरदर्शन पाहत होता का? मग नुकतीच आंघोळ केलीत का? चित्र एक सांगते आणि वाक्य अगदी उलट. येथे 'बाथ' हा शब्द कळल्याशिवाय हसूच येत नाही. हसण्यासाठी शब्द समजावा लागतो, आणि हसू आले म्हणजे शब्द कळला याची खूण शिक्षकालाही मिळते. याच भागात डबक्यात उडी मारायची असेल तर बूट घातलेच पाहिजेत, हे आईचे वाक्य पेपा मोठेपणाचा आव आणून जॉर्जला ऐकविते. पुनरावृत्ती होते, पण ती धड्यासारखी वाटत नाही.

बीबीसीने खास इंग्रजी शिकविण्यासाठी १९८६ मध्ये आणलेल्या 'मझी इन गोंडोलँड'मध्ये मात्र ही गाठ सैल आहे. घड्याळे खाणारा हिरवा, केसाळ मझी मुलांना आवडतो. पण हसू त्याच्या खाण्याचे असते आणि शब्द शिकविले जातात ते कथा थांबवून. क्रमिक पुस्तकाला रंग दिला, एवढेच.

क्रियापदांची अडचण :

दैनंदिन शब्द म्हणजे नामे, अशी आपली समजूत असते. वास्तविक टेबल, पेन, बस, तिकीट ही नामे मराठीने केव्हाच आपलीशी केली आहेत. आपला विद्यार्थी अडतो तो क्रियापदांपाशी. मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात, गजरा माळतात. इंग्रजीत या साऱ्यांना 'वेअर' आणि 'पुट ऑन' पुरते. परंतु अंगावर असणे म्हणजे 'वेअर' आणि अंगावर चढविण्याची कृती म्हणजे 'पुट ऑन' हा भेद फळ्यावर समजाविताना माझा अर्धा तास जातो. चित्रात एखादे पात्र बूट चढवीत असते आणि पुढच्या क्षणी ते घालून चिखलात उभे असते, तेव्हा तो दोन दृश्यांत स्पष्ट होतो. 'लुक फॉर', 'पिक अप', 'टेक ऑफ' यांसारखे प्रयोगही भाषांतराने नव्हे, तर कृतीला जोडूनच ध्यानात राहतात. कार्टूनपटाचे खरे बळ मला येथे दिसते. शब्दतक्ते तयार करणारे मात्र अजूनही फळे आणि प्राणीच मोजत बसतात.

एक मर्यादाही नोंदवावी लागेल. पेपाचे 'दैनंदिन' जीवन इंग्लंडमधील सुखवस्तू कुटुंबाचे आहे. तेथे पॅनकेक आहे, भाकरी नाही. पाणी शेंदणे, शेणाने सारवणे, एसटीची वाट पाहणे यांसाठी शब्द हवे असलेल्या विद्यार्थ्याला ती मालिका काही देऊ शकत नाही. डबके आणि चिखल मात्र कोकणातल्या मुलाला इंग्लंडमधल्या मुलाइतकेच ठाऊक असतात, हे त्या पहिल्या भागाचे भाग्य.

मग 'टॉम अँड जेरी' वर्गातून बाद करावी काय? तसे नाही. तिचे निःशब्द असणे बोलण्याच्या सरावासाठी उपयोगी पडते. दुसऱ्या वर्षी मी तीच फीत दर अर्ध्या मिनिटाला थांबविली आणि आता काय घडले ते इंग्रजीत सांगा, असे म्हटले. पहिली पाच मिनिटे शांततेत गेली. मग मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने टॉम 'फॉल डाउन' झाला असे सांगितले, दुसरीने ते 'फेल डाउन' असे दुरुस्त केले, आणि तो पडला की त्याला पाडले यावर वर्गात वाद सुरू झाला. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा 'पुश'चा भूतकाळ फळ्यावर लिहिणे राहून गेले होते.