‘हे काम मी करतच नाही’ म्हणजे शून्य गुण? एलसीएडीएल प्रश्नावली लालबाग-परळमध्ये वापरण्याआधी

फिजिओथेरपीत संशोधन करायचं ठरवलं की पहिला प्रश्न असतो, ‘कुठलं स्केल घेऊ?’ फुप्फुसांच्या जुनाट आजारात रोजच्या कामांचं मोजमाप करायचं असेल तर हमखास पुढे येणारं नाव म्हणजे लंडन चेस्ट अॅक्टिव्हिटी ऑफ डेली लिव्हिंग स्केल, म्हणजेच एलसीएडीएल. हे साधन नीट उघडून बघू. त्यात चांगलं काय आहे आणि आपल्या भागातल्या रुग्णाला ते लावलं की कुठे अडतं, हे सिनॉप्सिस लिहिण्याआधी माहीत असलेलं बरं.

आधी गरज काय, ते. स्पायरोमेट्री सांगते की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली. पण तेवढाच आकडा असलेले दोन रुग्ण घरी अगदी वेगळे जगत असतात. एक जण बाजारातून भाजी आणतो, दुसऱ्याला आंघोळीनंतर दहा मिनिटं बसून राहावं लागतं. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीतून चालण्याची क्षमता कळते, पण ती चाचणी ३० मीटरच्या सपाट कॉरिडॉरमध्ये होते. माणूस घरात प्रत्यक्ष काय करतो, हे तिला माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या आयसीएफ वर्गीकरणात हाच फरक केला आहे: क्षमता वेगळी, प्रत्यक्ष वागणूक वेगळी.

एलसीएडीएल २००० साली रेचेल गॅरॉड आणि सहकाऱ्यांनी तीव्र सीओपीडीच्या रुग्णांसाठी तयार केलं. प्रश्न १५, गट चार: स्वतःची काळजी, घरकाम, शारीरिक हालचाल आणि फावला वेळ. प्रत्येक प्रश्नाला ० ते ५ गुण, एकूण ७५. गुण जास्त म्हणजे त्रास जास्त. भरायला काही मिनिटं पुरतात, उपकरण लागत नाही, गर्दीच्या ओपीडीत चालतं. अंग पुसणं, केस धुणं, वाकणं, बोलणं अशा बारीक गोष्टी विचारते, हे तिचं खरं बळ. हात वर नेऊन केलेल्या कामात खांद्याभोवतीचे स्नायू श्वासाला मदत करायचं सोडून हाताच्या कामाला लागतात, म्हणून केस धुताना धाप लागते. हे ज्याने रुग्ण पाहिलेत त्यालाच सुचतं.

आता अडचण. पर्याय ० चा अर्थ आहे, ‘हे काम मी एरवीही करत नाही’. पर्याय १ म्हणजे ‘करतो, धाप लागत नाही’. म्हणजे काम न करणाऱ्याला, धाप न लागता करणाऱ्यापेक्षाही कमी गुण मिळतात! १५ पैकी ६ प्रश्न घरकामाचे आहेत: अंथरूण घालणं, चादर बदलणं, खिडक्या-पडदे धुणं, धूळ पुसणं, भांडी घासणं, झाडणं. आपल्याकडच्या सत्तरीतल्या आजोबांनी यातलं काय केलेलं असतं?

उदाहरण म्हणून गणित करू. समजा एक आजोबा आणि एक आजी, दोघांनाही प्रत्येक कामात सारखीच धाप लागते, म्हणजे ३ गुण. आजी सगळी १५ कामं करतात, त्यांचे गुण ४५. आजोबा घरकाम करतच नाहीत, म्हणून ९ प्रश्नांचे २७. कागदावर आजोबा आजींपेक्षा बरेच ठणठणीत दिसतात, आणि फरक फुप्फुसाचा नसून घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. यावर उपाय आहे: शून्याचे प्रश्न वगळायचे आणि उरलेल्यांच्या कमाल गुणांची टक्केवारी काढायची. आजींचे ७५ पैकी ४५, आजोबांचे ४५ पैकी २७, दोघांचे ६० टक्के. तुमच्या नमुन्यात स्त्री-पुरुष दोघं असतील तर ही टक्केवारी दिल्याशिवाय नुसती बेरीज छापू नका.

पण टक्केवारीनेही सगळं सुटत नाही. जिन्याचं बघा. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, संडास सामाईक. आता तिथे टॉवर उभे राहतायत. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये घरं मिळाली. समजा, एखादा रुग्ण पुनर्वसनाच्या कार्यक्रमात असतानाच चाळीतून लिफ्टच्या इमारतीत गेला. आधी जिन्याला ३ गुण होते, आता ‘जिना चढतच नाही’ म्हणून ०. गुण सुधारले, फुप्फुस होतं तिथेच. हे श्रेय व्यायामाला द्यायचं की बिल्डरला? आणि लिफ्ट बंद पडली त्या दिवशी हा सुधारलेला रुग्ण खालीच अडकणार. लालबाग, परळ, नायगाव, गिरगाव इथे काम करणाऱ्याने ‘कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे का, मध्ये किती वेळा थांबता’ हे स्वतंत्र लिहून घ्यायलाच हवं.

उलट बाजूही आहे. ‘लोकांत मिसळायला बाहेर जाणं’ हा लंडनमध्ये वेगळा कार्यक्रम असेल, चाळीत तो दाराबाहेरच्या गॅलरीत खुर्ची टाकून होतो. तिथे ‘धाप लागत नाही’ असं उत्तर आलं तरी माणूस चार वर्षांत रस्त्यावर उतरलेला नसू शकतो.

जे विचारलंच नाही त्याचीही यादी लहान नाही. पाण्याच्या वेळेला बादल्या भरणं, हाताने कपडे पिळणं, माळ्यावरून डबा काढणं, जमिनीवर मांडी घालून जेवणं आणि उठणं. सगळ्यात महत्त्वाचं, भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसणं. उकिडवं बसलं की मांड्यांचा दाब पोटावर येतो, पोट पडद्याला वर ढकलतं आणि आधीच हवा अडकलेल्या छातीला हलायला जागा उरत नाही. रुग्ण हे आपणहून सांगत नाहीत, लाज वाटते. प्रश्न नसेल तर उत्तरही नसतं.

पर्याय ५, ‘दुसऱ्याने करावं लागतं’, हाही आपल्याकडे फसवा आहे. सासऱ्यांचं ताट सून उचलते ते बऱ्याचदा रीत म्हणून, धाप लागते म्हणून नव्हे. इथे ‘आजाराआधी कोण करायचं?’ हा एक जोडप्रश्न पुरतो.

मग प्रश्नावली सोडून कृतीची चाचणी घ्यावी का? ग्लिट्रे चाचणी २००६ ची. पाठीवर वजन, बायकांना अडीच किलो, पुरुषांना पाच, खुर्चीतून उठणं, दोन पायऱ्यांची शिडी, फळीवरून एक-एक किलोची खोकी हलवणं, अशा पाच फेऱ्या. वाकणं आणि हात वर नेणं दोन्ही त्यात येतं, हे छान. पण सगळं तपासणीच्या खोलीत, आणि तीही क्षमताच मोजते. शिवाय अर्धी बादली पाणी म्हणजे सात-आठ किलो, ते उचलणाऱ्या बाईच्या पाठीवर आपण अडीच किलो ठेवतोय.

आजाराचाही विचार करा. केईएमचे डॉ. एस. आर. कामत यांनी गिरण्यांतल्या कापसाच्या धुळीचा आणि मुंबईच्या प्रदूषित हवेचा फुप्फुसांवरचा परिणाम अभ्यासला होता. शिवडीचं क्षयरोग रुग्णालय इथून जवळच. आपल्याकडे येणाऱ्यांत टीबी बरा झाल्यावर फुप्फुस आखडलेले बरेच असतात. सीओपीडीसाठी पारखलेलं साधन त्यांना आपोआप लागू होत नाही.

तर थीसिसमध्ये काय करायचं? मूळ १५ प्रश्न मोडू नका, नाहीतर बाहेरच्या अभ्यासांशी तुलना संपली. वापरण्याची आणि भाषांतराची परवानगी घ्या. मराठीत नेऊन परत इंग्रजीत आणणं ही फक्त सुरुवात. नंतर आठ-दहा रुग्णांसमोर बसून ‘या प्रश्नाचा तुम्हाला काय अर्थ लागला?’ हे विचारा. स्थानिक कामांची पुरवणी वेगळी ठेवा, तिचे गुण मूळ बेरजेत मिसळू नका. शून्य किती जणांनी, कुठल्या प्रश्नाला दिले, त्याचा तक्ता द्या. आणि ‘करता येतं का?’ ऐवजी ‘काल केलंत का, मध्ये कुठे थांबलात?’ असं विचारा.

माझं मत विचाराल तर एलसीएडीएल घ्याच. कमी वेळात इतकं सांगणारी साधनं थोडी आहेत. फक्त त्यातला शून्य हा निरोगीपणाचा आकडा समजू नका. तो समजला गेला, तर ज्याने त्रासामुळे किंवा सवयीमुळे हातपाय हलवणंच सोडलंय, तोच माणूस आपल्या यादीत सगळ्यात बरा ठरेल आणि पुनर्वसनाच्या रांगेत शेवटी जाईल.