मेडोज टेलरची साक्ष आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख

कर्नल फिलिप मेडोज टेलर याचें इंग्रजी आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ सालीं प्रसिद्ध झालें. तेर ज्या भागांत मोडतें, त्या धाराशिव-नळदुर्गचा कारभार १८५३ पासून १८५७ पर्यंत त्याच्या हातीं होता. त्यामुळें या मुलखाविषयीं लिहिणारे बहुतेक लेखक त्याचीच साक्ष काढतात. ती कितपत ग्राह्य धरावी, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका. चंदूलालच्या अमदानींत निजामाचा महसूल मक्त्यानें लावीत. मक्तेदार दरबारीं नजर भरी आणि ती रयतेकडून उगवून घेई. याच दरबारास पामर कंपनीनें जबर व्याजानें कर्ज दिलें. गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या पालनांतील मुलीचा पति रम्बोल्ड हा त्या पेढींत भागीदार होता, व पेढीस हेस्टिंग्जचा आश्रय होता. रेसिडेंट मेटकाफ यानें हें बिंग फोडलें, आणि १८२४ सालीं पेढी बुडाली. पुढें कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी तुंबली, म्हणून १८५३ च्या तहानें वऱ्हाड व रायचूर दुआब यांजबरोबर हाही मुलूख कंपनीकडे गेला. तो १८६० सालीं निजामास परत मिळाला.

टेलर हा विल्यम पामरचा जांवई होता. तेव्हां सासऱ्याच्या पेढीविषयीं त्याचा आदर हा पुरावा नव्हे, हें उघड आहे. लोक आपणांस ‘महादेवबाबा’ म्हणत, असें तो लिहितो. तें खोटें मानण्याचें कारण नाहीं. त्याची कळकळ व उद्योग पानोपानीं दिसतात. पण एका अंमलदाराचा जयजयकार झाला म्हणून अंमलावर विश्वास बसला, असें ठरत नाहीं. उलट, एका निःस्पृह माणसाची एवढी नवलाई वाटावी, यावरून इतरांविषयींची निराशाच सिद्ध होते.

विश्वासाची खरी पारख गांवच्या हिशेबांत आहे. मराठी दफ्तरांत लांच लपविलेली नसे. ‘दरबारखर्च’ व ‘अंतस्थ’ या सदरांखालीं ती राजरोस मांडली जाई. रयत फसत नसे. न्याय विकत घ्यावा लागतो, हें ती गृहीत धरून चाले. तेव्हां १८५३ पूर्वीचे, १८५३ ते १८६० चे व त्यानंतरचे एकाच गांवचे ताळेबंद शेजारीं ठेवावे. मधल्या वर्षांत हीं सदरें नाहींशीं झालीं असतील, तर टेलरची साक्ष खरी. १८६० नंतर तीं पुन्हां उगवलीं असतील, तर सुधारणा माणसाबरोबर गेली. न उगवलीं, तर श्रेयाचा मोठा वांटा सालारजंगास द्यावा लागेल. कारण मक्तेदारी मोडून १८६५ सालीं जिल्हाबंदी त्यानेंच केली.

तेरच्या पांढरींतील सातवाहन नाणें सांपडल्यास तें जपण्यास आमचे संग्राहक सदैव तत्पर असतात. कुलकर्ण्याच्या दप्तरांतील बाकीची यादी मात्र सनद नव्हे म्हणून रद्दींत जाते. त्या मुलखांतील कोणा घरीं असे ताळेबंद असतील, तर ते वाळवीच्या स्वाधीन होऊं देऊं नयेत. राज्यकर्त्यांची कीर्ति त्यांच्या आत्मचरित्रांत सांपडते. त्यांची पत काय होती, तें या यादींतच सांपडेल.