प्रौढ चित्रपटव्यवसायातील दिग्दर्शिका आणि स्त्रीवादी दृष्टिकोन : कँडिडा रॉयाल यांच्या कार्याच्या संदर्भात

पोर्नोग्राफीच्या प्रश्नावर स्त्रीवादी विचारात जितका तीव्र मतभेद झाला, तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रश्नावर झाला असेल. मराठीत या विषयाची चर्चा 'अश्लीलता' या शब्दापाशीच अडते. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील खटल्यांपासून आपल्याकडील वाद प्रामुख्याने शील, संस्कृती आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य यांभोवती फिरत राहिला. अमेरिकेतील स्त्रीवाद्यांनी मात्र अश्लीलतेचा प्रश्न बाजूला सारून निराळाच प्रश्न विचारला : या चित्रणामुळे स्त्रीच्या समान दर्जाला इजा पोहोचते काय? त्याच देशात, त्याच काळात, काही स्त्रियांनी हा व्यवसाय आतून बदलण्याचा प्रयत्न केला. प्रस्तुत लेखात त्यांपैकी कँडिडा रॉयाल (1950–2015) यांच्या कार्याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 1979 मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी' ही संघटना उभी राहिली. 'डीप थ्रोट' (1972) या गाजलेल्या चित्रपटाची नायिका लिंडा लव्हलेस हिने 1980 मध्ये 'ऑर्डील' हे आत्मकथन प्रसिद्ध करून, आपल्याला मारझोड व धाकदपटशा करून काम करावयास लावले होते, असे सांगितले. अँड्रिया ड्वॉर्किन यांचे 'पोर्नोग्राफी : मेन पझेसिंग विमेन' हे पुस्तक 1981 चे. ड्वॉर्किन आणि कायदेतज्ज्ञ कॅथरिन मॅकिनन यांनी मिनिआपोलिस शहरासाठी तयार केलेला नगरकायदा 1983 मध्ये नगरसभेने संमत केला, परंतु महापौरांनी नकाराधिकार वापरला. इंडियानापोलिसने 1984 मध्ये केलेला तसाच कायदा न्यायालयात टिकला नाही. दुसरीकडे 1982 च्या बर्नार्ड महाविद्यालयातील परिषदेत लैंगिकतेचा विचार केवळ धोक्याच्या अंगाने न करता सुखाच्या अंगानेही व्हावा, अशी मांडणी झाली आणि परिषदेवर निदर्शने झाली. अशा वातावरणात, 1984 मध्ये, रॉयाल यांनी लॉरेन नीमी यांच्यासह 'फेम प्रॉडक्शन्स' ही संस्था काढली.

रॉयाल या व्यवसायाबाहेरून आल्या नव्हत्या, आणि स्त्रीवादाबाहेरूनही नव्हत्या. तरुणपणी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील स्त्रीचळवळीत त्या होत्या. पुढे 1970 च्या दशकात त्यांनी कॅलिफोर्नियात प्रौढ चित्रपटांत अभिनय केला. आपण या कामाला लाजावे काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. काम लाजिरवाणे नाही, परंतु चित्रपटांत स्त्रीच्या इच्छेला जागा नाही, अशा निष्कर्षावर त्या आल्या. न्यूयॉर्कमध्ये 1983 पासून भेटू लागलेल्या 'क्लब 90' या अभिनेत्रींच्या मंडळात त्या, अ‍ॅनी स्प्रिंकल, व्हेरोनिका व्हेरा, व्हेरोनिका हार्ट आणि ग्लोरिया लिओनार्ड एकमेकींशी आपल्या कामाविषयी बोलत. स्त्रीचळवळीतील 'अनुभवकथन मंडळा'ची रीतच येथे वापरली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चळवळीने ज्यांना केवळ बळी मानले, त्यांनीच चळवळीचे साधन उचलले.

'फेम'च्या चित्रपटांत बदलले ते प्रथम संकेत. या व्यवसायातील चित्रपटात प्रत्येक प्रसंग पुरुषाच्या तृप्तीच्या दृश्य पुराव्याने संपे. रॉयाल यांनी तो शेवट वगळला. कॅमेरा अवयवांवरून चेहऱ्यांकडे वळला. प्रसंगाआधीचे आणि नंतरचे संभाषण, स्पर्श, संकोच यांना वेळ मिळाला. 'थ्री डॉटर्स' (1986) सारख्या चित्रपटात कथा मध्यमवर्गीय घरात घडते. लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्ये रूढ चित्रपटांतील पुरुषी नजरेचे जे विश्लेषण केले, त्याला हे व्यवहारातील एक उत्तर होते असे म्हणता येईल. लिंडा विल्यम्स यांनी 'हार्ड कोअर' (1989) या ग्रंथात पोर्नोग्राफीचा एक चित्रपटप्रकार म्हणून, संगीतिकेशी तुलना करून, अभ्यास केला आणि 'फेम'च्या निर्मितीची गंभीर दखल घेतली. मात्र या बदलाचे श्रेय एकट्या दृष्टिकोनाला देता येत नाही. घरोघरी व्हिडिओ आला नसता, तर ज्या चित्रपटगृहांत स्त्रिया पाऊल ठेवीत नसत तेथे असे चित्रपट कोणासाठी लावले असते? रॉयाल यांना प्रेक्षक मिळाला तो दिवाणखान्यात.

येथेच त्यांच्या कलेची मर्यादाही दिसते. मंद प्रकाश, सुबक घर, परस्परांवर प्रेम असलेले जोडपे, ही स्त्रीची 'स्वाभाविक' आवड, असे गृहीत धरले की 'स्त्री' नावाचा एक नवा साचा तयार होतो. 1984 मध्येच सुरू झालेल्या 'ऑन अवर बॅक्स' या समलिंगी स्त्रियांच्या नियतकालिकाने हा साचा मानला नाही. कृष्णवर्णीय दिग्दर्शिका शाइन लुईस ह्यूस्टन यांच्या 'द क्रॅश पॅड' (2005) मधील स्त्रिया 'फेम'च्या दिवाणखान्यात मावणाऱ्या नाहीत. मिरेल मिलर-यंग यांचा 'अ टेस्ट फॉर ब्राऊन शुगर' (2014) हा ग्रंथ तर दाखवून देतो की कृष्णवर्णीय अभिनेत्रींच्या बाबतीत वंशभेद हा केवळ पडद्यावरचा नव्हता, मोबदल्यातही होता. सौंदर्यदृष्टीच्या चर्चेत मोबदला विसरला जातो, ही या क्षेत्रातील समीक्षेची जुनी खोड आहे.

म्हणून रॉयाल यांच्या कार्याचे अधिक महत्त्वाचे अंग पडद्यामागचे आहे. कलावंतांशी पूर्वचर्चा आणि शक्य तेथे प्रत्यक्ष जीवनातील जोडप्यांची निवड या गोष्टी दृश्यसौंदर्याच्या नसून श्रमाच्या अटींच्या आहेत. लव्हलेसच्या आरोपाला खरे उत्तर येथेच शोधावे लागते, कारण बळजबरी झाली की नाही हे प्रेक्षकाला चित्र पाहून कळत नाही. मॅकिनन यांचा हा आक्षेप आजही खोडून काढता आलेला नाही. पुन्हा मालकीचा प्रश्न आहेच. 'फेम'चे आरंभीचे भांडवल रॉयाल यांच्या सासऱ्यांकडून आले आणि सुरुवातीचे वितरण प्रस्थापित कंपनीकडे होते. वितरण स्वतःकडे घेतल्यावरच दिग्दर्शिकेच्या निर्णयाला वजन आले. कॅमेऱ्यामागे स्त्री उभी राहिली म्हणजे चित्रपट स्त्रीवादी झाला, हे समीकरण या इतिहासात टिकत नाही. हक्क, करार आणि पैसा कोणाच्या हाती, हे पाहावे लागते.

पुढील पिढीत हा पैशाचा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी हाताळला गेला. स्वीडनमध्ये मिया एंगबर्ग यांच्या 'डर्टी डायरीज' (2009) या लघुपटसंग्रहाला स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटने अर्थसाहाय्य केले आणि सरकारी पैशाने असे चित्रपट का, असा वाद उसळला. बार्सेलोनात स्थायिक झालेल्या एरिका लस्ट यांनी 2013 पासून 'एक्सकन्फेशन्स' या मालिकेत प्रेक्षकांनी निनावी पाठविलेल्या कथनांवर लघुपट केले आणि प्रेक्षकाने पैसे मोजून पाहावे, असा आग्रह धरला. टोरांटोत 2006 पासून 'फेमिनिस्ट पॉर्न अवॉर्ड्स' दिले जाऊ लागले. परंतु त्याच दशकात फुकट चित्रफिती दाखविणारी संकेतस्थळे आली आणि लहान निर्मात्यांचे कंबरडे मोडले. गेल डाइन्स यांनी 'पॉर्नलँड' (2010) मध्ये एकंदर व्यवसाय अधिक हिंसक होत गेल्याचे म्हटले आहे. अपवादात्मक दिग्दर्शिकांच्या नावे त्या आरोपाचे निरसन होत नाही. तथापि त्या दिग्दर्शिका नव्हत्याच, असे मानूनही भागत नाही. 'स्त्रीवादी' हा शब्द आता विक्रीची चिठ्ठी म्हणूनही वापरला जातो, हे तर उघडच आहे.

रॉयाल यांच्या दैनंदिन्या व कागदपत्रे आज हार्वर्ड विद्यापीठाच्या श्लेसिंजर ग्रंथालयात आहेत. जेन कामेन्स्की यांनी त्यांच्या आधारे लिहिलेले चरित्र 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. ड्वॉर्किन यांची कागदपत्रे आणि 'विमेन अगेन्स्ट पोर्नोग्राफी'चे दप्तरही त्याच ग्रंथालयात आहे. या वादाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला एका बाजूची पेटी मागवताना दुसऱ्या बाजूचीही मागवता येते.