कोण उभं राहतं, कोण उभं करतं

पिरंगुट मागे टाकून पौडकडे निघालं की लागणारं कासार आंबोली दोन रंगभूमींच्या मधोमध वसलेलं आहे. पुण्याच्या बाजूला वीसेक किलोमीटरवर कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह. दुसऱ्या बाजूला चैत्र-वैशाखात मुळशी तालुक्यात गावोगाव भरणाऱ्या जत्रा आणि जत्रेतला तमाशा. एका ठिकाणी तिकीट काढून खुर्चीत बसायचं. दुसऱ्या ठिकाणी कारभारी मंडळी नारायणगावच्या राहुट्यांत जाऊन फडाला सुपारी देतात आणि अख्खं गाव खेळ पाहतं. मराठी रंगभूमीचा आढावा घेताना समीक्षकाची नजर बहुधा पहिल्याच ठिकाणी जाते, आणि तिथेही संहिता, दिग्दर्शक आणि नट यांच्यापलीकडे फारशी सरकत नाही. आपल्याकडे नाटकाची शैली जेव्हा जेव्हा मुळातून बदलली, तेव्हा कामांची वाटणी बदललेली होती, असं मला वाटतं. सोंग कोणी कोणाचं घ्यायचं, गायचं कोणी, पडदा कोणी ओढायचा आणि नुसतं बघत कोणी बसायचं, हे नव्याने ठरलं की नाटक नवं झालं. रंगमंचावर माणसाची जात, लिंग, बोली कशी उभी राहते, याचाही उलगडा तिथूनच होतो.

तमाशातली वाटणी पाहा. आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. ढोलकीवाला, तुणतुण्यावर सूर धरणारे सुरत्ये, सरदार, सोंगाड्या, नाच्या: प्रत्येकाची जागा पक्की. वगाचं कथानक ठरलेलं असतं, पण संवाद नट उभ्या-उभ्या रचतात. त्यामुळे लेखक, नट आणि गावच्या कारभारावर टीका करणारा नागरिक, हे तिघेही एकट्या सोंगाड्याच्या अंगात वावरतात. गवळणीतली मावशी हा बहुतेक वेळा पुरुषच. डोक्यावर पदर घेतो, पण आवाज आणि चाल बाईची करण्याचा फारसा आटापिटा करत नाही. तो पुरुष आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, प्रेक्षकाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक असतं आणि सगळी गंमत या उघड गुपितावर चालते. ही कला महार, मातंग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी पिढ्यानपिढ्या जगवली. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांबद्दल सांगतात, की खेळ सुरू असताना पोटात कळा आल्या, आत जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. खेळ मोडला तर बिदागी बुडेल, ही त्यामागची सक्ती मात्र कोणी सांगत नाही. आज राज्य शासन त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद करण्याच्या नियमामुळे त्याच तमाशातला वग आखडत चालला आहे. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंतची सवलत मिळते, पण उशिरा रंगणाऱ्या खेळाला तेवढं पुरत नाही. आधी कात्री लागते ती बतावणीला आणि वगाला, म्हणजे जिथे माणसं बोलतात नेमक्या त्या भागाला. हिंदी-मराठी सिनेमाच्या गाण्यांवरचा नाच तेवढा शाबूत राहतो.

संगीत नाटकाने नेमकी उलटी वाट धरली. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि स्त्रीची भूमिका करणाऱ्या पुरुषाने आपलं पुरुषपण पूर्ण झाकावं, अशी अपेक्षा रुजत गेली. बालगंधर्वांनी ती टोकाला नेली. घरच्या बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या, त्यांच्यासारखी फुलं माळू लागल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा बाईची भूमिका बाईने करणं ही साधी गोष्टही शैलीतला बदल ठरली. बोलणं खालच्या पट्टीत आलं आणि दिवाणखान्याला खऱ्या भिंती आल्या.

त्या झाकण्याची किंमत सतीश आळेकरांनी ‘बेगम बर्वे’त (१९७९) मांडली. बर्वे हा संगीत नाटकात फुटकळ स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकून पोट भरणारा माणूस. श्यामराव त्याला राबवतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून ऑफिसातल्या नलावडेबाईंचं स्वप्न पाहतात आणि बर्वे त्या स्वप्नात शिरून नलावडेबाई होतो. लग्न लागतं, डोहाळजेवण होतं आणि भ्रम फुटतो. चंद्रकांत काळे यांनी ही भूमिका केली. गाणं सुरू झालं की बर्वेचं शरीर सैल होतं, श्यामरावाचा आवाज आला की आक्रसतं. लिंगओळखीवर पुढे पुष्कळ नाटकं आली. त्यातली बरीच पात्राच्या तोंडी निवेदन घालून मोकळी होतात. बर्वे आपण कोण आहोत हे एकदाही समजावून सांगत नाही, आणि म्हणून मला तो अजूनही सगळ्यांच्या पुढे वाटतो.

कामांची वाटणी सर्वांत धीटपणे मोडली ती ‘घाशीराम कोतवाल’ने. १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. रांगेत उभे असलेले ब्राह्मण तोंड फिरवतात तेव्हा भिंत होतात, हलतात तेव्हा पडदा होतात आणि गातात तेव्हा पुणं होतात. कोकणातल्या ‘खेळे’ या लोकनाट्याची ही युक्ती पुण्याच्या रंगमंचावर आल्याबरोबर नट आणि नेपथ्य यांतला भेद मिटला. गुन्हा झाकणारी भिंत माणसांची आहे, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. वाद झाला, नाटक करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने (पीडीए) प्रयोग थांबवले आणि १९७३ मध्ये थिएटर अकादमी उभी राहिली.

२०१२ सालचा ‘सत्यशोधक’चा प्रयोग याहून पुढे गेला. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं, दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिलं आणि त्यांच्या हयातीत ते रंगभूमीवर आलं नाही. त्याच फुल्यांवर गो. पु. देशपांड्यांनी लिहिलेलं ‘सत्यशोधक’ अतुल पेठे यांनी बसवलं, तेव्हा त्यात पुणे महानगरपालिकेचे सफाई कामगार उभे होते. दिवसा शहर झाडणारी माणसं संध्याकाळी त्याच शहराचा इतिहास गाऊन सांगत होती. त्यांचे उच्चार, त्यांची उभी राहण्याची ढब तालमीत घासून गुळगुळीत केलेली नव्हती. हौशी आणि व्यावसायिक ही आपली आवडती विभागणी या प्रयोगापुढे अपुरी पडते. त्याच सुमारास जालन्याकडच्या शेतकरी कलावंतांनी ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ राज्यभर गाजवलं, तेही याच जोरावर.

या उंचीवरून महाविद्यालयीन एकांकिकांकडे पाहिलं की मन खट्टू होतं. १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेने मराठीला कित्येक रंगकर्मी दिले. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही, तेव्हा मोठा गदारोळ उठला. मला मात्र खटकते ती गोष्ट बोलीची. शहरातल्या संघांनी एक ‘गावरान’ भाषा तयार केली आहे. ‘ण’चा ‘न’ करायचा, ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ पेरायचं, प्रत्येक वाक्य हेल काढून संपवायचं. ही भाषा कुठल्याच तालुक्यात बोलली जात नाही. ती धोतर-फेट्यासारखी भाड्याने आणलेली असते. मावळातल्या माणसाची बोली ऐकायला पौड रस्त्याने तासभर यावं लागतं. तेवढेही कष्ट घेतलेले दिसत नाहीत.

पडद्यामागच्यांची दखल तर जवळजवळ घेतलीच जात नाही. व्यावसायिक नाटकाचा सेट टेम्पोतून उतरतो, तिसऱ्या घंटेआधी उभा राहतो आणि प्रयोग संपला की रात्रीच मोडून पुढच्या गावी निघतो. तो लावणाऱ्यांना ‘नाइट’वर पैसे मिळतात. चुकीच्या क्षणी दिवा गेला तर प्रकाशयोजनाकाराला बोल लागतो, पण अचूक क्षणी गेला तर टाळी नटाला पडते. रंगमंच व्यवस्थापक, रंगभूषाकार, कपडेपट सांभाळणारे, यांच्याशिवाय शैली नावाची गोष्ट उभी राहत नाही. तरी परीक्षणात त्यांच्या वाट्याला शेवटची ओळ येते: बाकीच्या बाजू ठीक. सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागांनी पुण्यात चांगला बदल घडवला. तिथे दिवा, आवाज आणि नट एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असतात आणि प्रेक्षकाला कामं होताना दिसतात. पण या जागा कर्वे रस्ता आणि पेठांपाशीच थबकल्या आहेत.

१९८५ ते १९९४ या काळात थिएटर अकादमीने फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने शहराबाहेरचे नाट्यसंघ घडवण्याची योजना राबवली होती. आळेकर तिचे सूत्रधार होते. आज अशी योजना मुळशीत हवी. इथल्या मुलांनी शाळेच्या संमेलनात नाचावं एवढ्यावर ती थांबू नये. डिमर चालवणं, सेट बांधणं, तालीम लावणं, कपडेपटाचा हिशेब ठेवणं ही कामं मुलामुलींना सारखीच शिकवावीत. पिरंगुट ते कासार आंबोली या पट्ट्यातल्या कारखान्यांत वीज आणि लोखंड हाताळणारी तरुण माणसं आहेत, गावागावांत भजनी मंडळं आहेत आणि जत्रेला जमणारा जाणता प्रेक्षक आहे. कमी आहे ती एक तालमीची जागा, आठ-दहा दिवे आणि दोन-तीन वर्षं टिकून शिकवणारं माणूस. नाट्यसंस्थांनी आणि पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने मनावर घेतलं, तर हे एका हंगामात सुरू होऊ शकतं.