स्थिर भिंग आणि अंतराचे व्याकरण

रस्त्यावरील नित्याच्या जीवनाची छायाचित्रे घेणाऱ्यांत खिशात मावणारा, भिंग न बदलता येणारा डिजिटल कॅमेरा आज विशेष प्रिय आहे. त्याचे दोन गुण सामान्यतः सांगितले जातात : तो लहान असल्याने कोणाच्या नजरेत भरत नाही; आणि भिंग स्थिर असल्याने छायाचित्रकाराला स्वतः चालत जवळ जावे लागते. हे दोन्ही गुण एकाच दमात सांगितले जातात. परंतु ते परस्परांस पूरक नसून बऱ्याच अंशी विरोधी आहेत, याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

प्रथम दुसऱ्या गुणाचा विचार करू. रिको कंपनीच्या २०१३ सालच्या ‘जीआर’ कॅमेऱ्याचे भिंग १८.३ मि.मी. नाभीय अंतराचे आहे. जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या हिशेबाने ते २८ मि.मी. ठरते. फुजीफिल्मच्या ‘एक्स१००’ मालिकेत हाच आकडा ३५ आहे. आता, चित्रातील जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या आकारांचे परस्परप्रमाण वस्तुतः भिंगावर अवलंबून नसते. कॅमेरा कोठे उभा आहे यावर असते. झूम भिंग वीस मीटरांवरचा चेहरा चौकटभर आणू शकते, पण तेवढे अंतर पुसू शकत नाही. पाठीमागची दुकाने चेहऱ्याला येऊन चिकटतात. उलट, २८ मि.मी.च्या न कातरलेल्या चित्रात चेहरा मोठा दिसत असेल, तर चित्र घेणारा हाताच्या अंतरावर होता हे निश्चित. ‘हा’ आणि ‘तो’ ही आपली दर्शक सर्वनामे जशी वक्त्याचे स्थान आपोआप सांगून जातात, तसे हे भिंग छायाचित्रकाराचे स्थान सांगते. झूमने घेतलेल्या पुष्कळ चित्रांत ‘तो’ असलेल्या माणसाला ‘हा’ म्हटलेले असते. हा केवळ तांत्रिक भेद नव्हे.

रिकोच्या या मालिकेत ‘स्नॅप फोकस’ नावाची एक सोय आहे. एक, दीड, दोन, अडीच मीटर असे अंतर आधीच ठरवून ठेवावे. कळ एकदम पूर्ण दाबली की कॅमेरा शोधाशोध न करता त्याच अंतरावर चित्र घेतो. एडवर्ड हॉल यांनी १९६६ च्या आपल्या ग्रंथात माणसामाणसांतील ‘वैयक्तिक’ अंतराची मर्यादा सुमारे १.२ मीटर मानली असून तेथून ३.६ मीटरपर्यंतचे अंतर ‘सामाजिक’ म्हटले आहे. ही निरीक्षणे अमेरिकेतील मध्यमवर्गीयांची; टोकिओच्या शिंजुकूतील गर्दीला ती जशीच्या तशी लावणे धाडसाचे होईल. तथापि कॅमेऱ्यावरील खुणा या सीमेच्या अलीकडे-पलीकडे पडाव्यात, हे बोधप्रद आहे. परक्या माणसाच्या कोणत्या अंतरात शिरायचे, ते येथे भेटीपूर्वीच ठरलेले असते.

शिंजुकूचे नाव काढले की दाइदो मोरियामा (जन्म १९३८) यांचे नाव ओघानेच येते. १९६८-६९ मध्ये ‘प्रोव्होक’ नियतकालिकातून पुढे आलेल्या खरखरीत, हललेल्या, अस्पष्ट चित्रांच्या या प्रवर्तकाने पुढे लहान जीआर कॅमेरेच हाताशी धरले, आणि दृश्यदर्शकातून न पाहताही चित्रे घेतली. त्यांच्या चित्रांत अदृश्यतेचा गुण खोटा वाटत नाही. कारण तेथे भटके कुत्रे, भित्तिपत्रके आणि माणसे एकाच पातळीवर येतात. कोणाशी ओळख झाल्याचा दावा चित्र करीतच नाही. चित्राचे हलणे हेच चालणाऱ्याच्या देहाची साक्ष देते. मोरियामांच्या अनुकरणातून मात्र बहुधा जवळीक तेवढी उचलली जाते, देहाची साक्ष मागे राहते.

प्रोव्होकचा अखेरचा अंक निघाला त्याच १९६९ सालच्या डिसेंबरात जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने, क्योटोतील विद्यार्थ्यांच्या मोर्चाचे पोलिसांनी छायाचित्र घेतल्याच्या खटल्यात, संमतीवाचून आपला चेहरा टिपला न जाण्याचे स्वातंत्र्य तत्त्वतः मान्य केले (पोलिसांची ती कृती मात्र वैध ठरवली). पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये फुजीफिल्मने ‘एक्स१००व्ही’च्या प्रसिद्धीसाठी केलेली तात्सुओ सुझुकी यांची चित्रफीत टीकेमुळे मागे घेतली. तीत ते टोकिओच्या रस्त्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या अगदी समोर कॅमेरा धरताना दिसत होते. टीकेचा रोख बव्हंशी उद्धटपणावर होता. माझ्या मते येथे अधिक मूलभूत असे काही उघडे पडले : स्थिर चित्रात न दिसणारे अंतर चलच्चित्रात दिसले.

एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९४६ मध्ये तृतीय पुरुष हा खरे पाहता ‘पुरुष’च नव्हे, असे प्रतिपादन केले, ज्याच्याविषयी बोलले जाते, पण जो संवादात नसतो, तो. दीड मीटरावर आलेला छायाचित्रकार समोरच्याला अपरिहार्यपणे द्वितीय पुरुषात आणतो. नजरानजर होण्याची, नकाराची, हसण्याची शक्यता त्या अंतरातच असते. लहान कॅमेरा कंबरेशी लपवून तेच चित्र घेतले, की अंतर द्वितीय पुरुषाचे आणि वागणूक तृतीय पुरुषाची, असे विसंगत वाक्य तयार होते. चित्र सुंदर असू शकेल. त्यातील अन्वय मात्र बिघडलेला असतो, आणि तो बिघाड समोरच्याच्या नजरेच्या दिशेवरून पुष्कळदा ओळखता येतो.

२०२१ मध्ये रिकोने ‘जीआर ३एक्स’ आणला. त्याचे भिंग ४० मि.मी.च्या तोडीचे आहे. तोच चेहरा तेवढाच मोठा घेण्यासाठी आता पूर्वीच्या सुमारे दीडपट अंतरावर उभे राहावे लागते. एकच छायाचित्रकार या दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच रस्त्यावर काम करील, तर त्याच्या चित्रांतील नजरा शेजारी-शेजारी ठेवून तपासता येतील.